नवव्या मजल्यावरचा काटा

मंगळवार, १४ तारीख
पंपाच्या खोलीतून, दुपारी

मामा,

नमस्कार. तू समोरच झोपलायस, तोंडावर टोपी टाकून, आणि मी तुला पत्र लिहितेय. हसू नको. मला तोंडाने सांगता येत नाही हे तुला माहितीये. मी बरी आहे. पंपही बरा आहे, सकाळची गळती थांबली.

एक विचारायचं होतं. व्हॉल्व्ह बंद असला की गेजवरचा दाबाचा काटा वर असतो आणि पाणी सोडलं की धपकन खाली येतो, असं का? मला वाटतं, बंद पाइपात पाणी नुसतं उभं असतं, त्याला काही कामच नसतं. पळायला लागलं की दमतं. बरोबर आहे का?

शनिवारी तू दुकानात गेलास ना, तेव्हा मी पंप चालू केला आणि गेज घेऊन वर गेले. नळी मागच्या खिडकीतून बाहेर सोडली, खाली मोकळी जागाच आहे. प्रत्येक मजल्यावर व्हॉल्व्ह उघडून काटा बघितला. सहाव्यावर बरोबर साडेतीन! सातव्यावर तीन पूर्णांक दोन. आठव्यावर दोन पूर्णांक नऊ. मामा, मजला चढला की तेवढाच उतरतो, मोजून! मला इतकी मजा आली की मी परत खाली जाऊन परत सगळं बघितलं. म्हणजे जुन्या सहा मजल्यांपुरता हा आगीचा पाइप आणि पंप एकदम चोख आहे. आपणच त्याच्या डोक्यावर तीन मजले चढवलेत.

नवव्यावर दोन पूर्णांक सहा आला.

तूच शिकवलंस, सगळ्यात वर पाणी वाहत असताना साडेतीनच्या खाली चालत नाही. आणि तपासणीच्या कागदावर नवव्यासाठी चार पूर्णांक दोन लिहिलंय. खाली तुझी सही.

आता सांगते. शुक्रवारी तू इथे पंपापाशी होतास, मी वर नवव्यावर. फोनवर विचारलंस, "व्हॉल्व्ह उघडलास का गं? काटा कुठंय?" मी उघडला नव्हता. नळी ज्या खिडकीतून सोडायची, तिलाच टाइल्सवाले काका टेकून बसले होते. आधीच ओरडले होते, "ए पोरी, माझ्या टाइल्सवर थेंब जरी पडला ना, तुलाच चाटायला लावीन!" मला फक्त "जरा सरका" म्हणायचं होतं. नाही म्हणता आलं. मी बंद व्हॉल्व्हवरचा आकडा वाचला आणि तुला म्हटलं, "हो, उघडलाय."

तू एकदाही "नक्की का" विचारलं नाहीस. मी शाळा सोडली तेव्हाही नव्हतं विचारलंस. नुसतं म्हणालास, चल, पाना धर.

शनिवारी सांगणार होते. रविवारी पण. काल नवव्यावर राहायला येणाऱ्या आजी घर बघायला आल्या होत्या, व्हीलचेअरवर. मला म्हणाल्या, "इथून छान दिसतं हो." मी मान हलवली. लिफ्ट बंद पडली आणि आग लागली तर त्या कुठे जातील, हे डोक्यातून जाईना.

उद्या तपासणीचे साहेब येणार. मोठा पंप लागेल, काम लांबेल, सगळे तुझ्यावर चिडतील, मला कळतंय. मी सांगेन त्यांना की चूक माझी.

म्हणून आज तू डबा धूत होतास तेव्हा मी साइट ऑफिसात गेले. मॅडमना म्हटलं, तो पाण्याचा कागद परत द्या. त्या म्हणाल्या, "काय? मोठ्याने बोल." मग मी मोठ्याने बोलले. "आकडा खोटा आहे. मी खोटा वाचला." तिथे चार माणसं बसली होती, मामा. सगळी बघायला लागली.

कागद या चिठ्ठीखाली ठेवलाय. मी फाडला नाही, सही तुझी आहे.

तू उठलास की रागव. मी इथेच बसलेय, दाराजवळ नाही, आत.

तुझी भाची,
जिच्या शब्दावर तू सही केलीस