आरसा घेऊन निघालेला माणूस

४ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, आधी खाली बस. मग वाच. तुझ्या भाचीला मूकपटांचं वेड लागलंय!

आमच्या चष्म्याच्या दुकानामागे वाचनालयाचा हॉल आहे. तिथे ऑपरेटरकाका रविवारी दुपारी जुने मूकपट दाखवतात. मी सहज डोकावले आणि अडकलेच. कुणी बोलत नाही, मधूनच पडद्यावर दोन ओळींची पाटी येते, बाकी सगळं चेहऱ्यावर. पाटी यायच्या आधीच मला कळायला लागलं की ही बाई खोटं बोलतेय! आणि मग गेल्या रविवारी मूकपटामागे संगीत लावायचं काकांचं टेपयंत्र बंद पडलं. कोपऱ्यात पियानो होता. कुणी बोलावलं नव्हतं तरी मी जाऊन बसले आणि खेळ संपेपर्यंत वाजवत राहिले. काका म्हणाले, आता टेप दुरुस्तच करत नाही.

पण एक घोळ आहे. टेबलटेनिसवाल्यांनी कमिटीकडे रविवारचा हॉल मागितलाय. २४ तारखेला हॉल भरला तरच मूकपट राहतील, नाहीतर आमचं चंबूगबाळं बाहेर. त्या दिवशीचं संगीत तू रचून दे ना! रीळ त्याच आठवड्यात येणार आहे. तोवर काकांच्या मित्राने कधीतरी केलेली त्याच मूकपटाची डीव्हीडी सोबत पाठवतेय. आरशाच्या दुकानातला एक नोकर भलामोठा आरसा घेऊन गावभर पळतो, एवढीच गोष्ट. मी हसून हसून खुर्चीवरून घसरले.

नाही म्हणू नकोस. लोभ आहेच, तो थोडा वाढव.

तुझी,
भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी नकार कळवायचं पक्कं केलं होतं. जन्मभर संगीत शिकवलं ते काय धडपडणाऱ्या माणसांच्या मागे वाजवण्यासाठी? डीव्हीडी परत पाठवण्यापूर्वी नीट चालते का बघावं, म्हणून फक्त लावली.

आता रोज लावतो. खालच्या मजल्यावरच्या पोस्टवाल्या बाई माझं हसणं ऐकून काळजीने वर आल्या होत्या, त्या आता जेवण आटोपलं की स्वतःहूनच येतात. शिडी, कुत्रा, बँडवाले, पूल! आणि आरशाला साधा चराही जात नाही! बाईंनी परवा पुलावर डोळेच मिटून घेतले. शेवटी तो लग्नघरी आरसा पोचवतो, तो भाग मात्र चटकन उरकलाय. पण असू दे.

सोबत नोटेशन पाठवतोय. पहिल्या स्वरापासून घोडदौड आहे. बोटं गळून पडली तरी चालतील, लय पडता कामा नये. दुकानात लोकांचे नंबर तपासताना काउंटरवर बोटं नाचवलीस तरी माझी हरकत नाही. मालक काय म्हणतील ते तू निस्तर.

जेवत जा वेळेवर. प्रेम आहेच.

तुझा,
मामा

१८ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

मामा, आपण दोघेही साफ फसलो! आज रीळ आलं. तालमीला मी तुझी घोडदौड सुरू केली, ती संपली, आणि बघते तर आरसा अजून पुलापर्यंतसुद्धा आलेला नाही.

काकांनी समजावलं. त्या काळी कॅमेरा हाताने, सावकाश फिरवत. तीच चित्रं नव्या यंत्रावर भराभर पळवली की माणसं मागे वाघ लागल्यासारखी धावतात. डीव्हीडी तशीच केलेली होती. काकांच्या प्रोजेक्टरला वेगाचं बटण आहे, ते त्यांनी खऱ्या वेगावर ठेवलं. मामा, तो माणूस पळतच नाहीये! तो चालतोय. जपून, एकेक पाऊल टाकत, घाबरून. हसू येतंच, पण आता त्याची काळजीही वाटते. आणि शेवट! दार उघडणारी नवरी त्याच्या ओळखीची आहे. ती त्याच आरशात बघून केस सारखे करते, आणि तिच्या मागे आरशात त्याचा चेहरा दिसतो. आपल्याला जे चटकन उरकलंय वाटलं ना, ते हे. मी तालीम सोडून रडत बसले.

काका म्हणतात, वेळ कमी आहे, हवं तर बटण फिरवून चित्रच तुझ्या संगीताइतकं पळवू. लोक हसतील, हॉलही वाचेल. मला ते करवत नाही. पण माझ्या हट्टापायी हॉल गेला तर? काय करू, लगेच कळव.

गोंधळलेली,
भिंगरी

२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

त्या बटणाला कुणाला हात लावू देऊ नकोस! माझं नोटेशन अर्ध्या लयीत वाजव. पुलापर्यंत ते नक्की निभावेल, आत्ताच वाजवून बघितलं. शेवटाचं मात्र मला विचारू नकोस. जे मी पाहिलंच नाही, त्याला सूर कुठून देऊ? ते तू पाहिलं आहेस, तूच ठरव. हॉल गेला तर दोघं मिळून रडू.

रविवारी येतोय. पोस्टवाल्या बाईही येतायत, ऐकत नाहीत.

मामा

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेकानेक आशीर्वाद.

स्टेशनवर गर्दीत काही बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

कमिटीचे अध्यक्ष उशिरा आले आणि त्यांना खुर्चीच मिळाली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. भिंतीला टेकून उभे होते बिचारे. पुलावर सगळा हॉल हसत होता आणि श्वासही रोखून धरत होता, दोन्ही एकदमच. तुझा हात इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता.

मग दार उघडलं, नवरी आरशात बघू लागली, आणि तू पियानोवरचे हात उचलून मांडीवर ठेवलेस. पोरगी विसरली, घाबरली, आता सगळं संपलं, असं वाटून मी अर्धा उठलोसुद्धा. पोस्टवाल्या बाईंनी बाही धरून मला खाली बसवलं. मग मी पडद्याकडे पाहिलं. आरशात त्याचा चेहरा होता. हॉलमध्ये साधा खोकल्याचा आवाज नव्हता. तिथे मी काहीही लिहिलं असतं तरी ते जास्तच झालं असतं, पोरी. आणि मी नक्की लिहिलं असतं.

अध्यक्षांनी रविवार तुम्हालाच दिल्याचं काकांनी कळवलं. टेबलटेनिसवाल्यांना शनिवार मिळाला, तेही खूश आहेत म्हणे. पुढचा चित्रपट कोणता ते लगेच कळव, मला धीर नाही. रीळ पाहायला मीच तिकडे येईन.

संगीत मी लिहितो. कुठे वाजवायचं नाही, तेवढं तू मला सांगत जा.

तुझा,
मामा