सव्वीस कपॅसिटर

४ मार्च, मंगळवार. संध्या. ६
सासरेबुवा त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर चादरीत गुंडाळून देऊन गेले. तक्रार एवढीच, की आवाजाचं बटण फिरवलं की खरखर होते. आतून जरा पुसून द्या म्हणाले. वरचं झाकण काढून पाहिलं. चाळीस वर्षांपूर्वीचे कपॅसिटर! वीज साठवणारे हे छोटे डबे आतून वाळत जातात, हे सामान्य माणसाला कुठून कळणार? पुसून काय होणार? सगळे बदलायचे. मोजले. सव्वीस. मुदत रविवार, १६ तारीख. तेव्हा ते न्यायला येतील.
हिने बजावलं, की आई गेल्यापासून बाबांच्या घरात सकाळी रेडिओ तेवढा बोलतो, आणि तो ह्याच डब्यातून वाजतो. बिघडवू नका. ‘बिघडवू’ हा शब्द मला लागला. इंजिनिअर नसलो तरी वीस वर्षं वाचतोय.

५ मार्च
अभ्यास. वहीत तक्ता आखला: व्होल्टेज, तापमान, आयुष्य, पायांमधलं अंतर. ‘ऑडिओ ग्रेड’ सोनेरी वेष्टनात येतात, बाकीचे काळ्या. सोनेरीवाल्यांचा मधला सूर मोकळा असतो असं एकाने लिहिलंय. दुसऱ्याने लिहिलंय कोंदट असतो. दोघांचंही पटलं.
बटण साफ करायचा स्प्रे घरात आहे. पण ते वरवरचं काम झालं.

८ मार्च, शनिवार
पार्टच्या दुकानात दीड तास. दुकानदाराने विचारलं, बिघडलंय काय? म्हटलं, काहीच नाही. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मूळचे दोन मोठे कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचे आहेत, मी १०,००० चे घेतले. तो म्हणाला, साहेब, आहे तेवढ्याचाच लावा. तो विकणारा आहे, ऐकणारा नाही. साठा दुप्पट तर बास, म्हणजे खर्जही दुप्पट, साधा हिशेब.
निघताना म्हणाला, एक काढा, एक लावा, मग दुसरा काढा. मी मान डोलावली.

९ मार्च, रविवार
सव्वीसच्या सव्वीस एका बैठकीत उपटले. एक काढा एक लावा हे नवशिक्यांसाठी. फोटो काढले नाहीत. गरज नाही, बोर्डावर प्रत्येक जागी गोल छापलाय आणि त्याची अर्धी बाजू रेघारेघांची आहे. रेघांची बाजू मायनस. जगभर हेच. जुने कपॅसिटर कचऱ्यात टाकले, म्हणजे परत लावायचा मोह नको. कचऱ्याची गाडी वेळेवर आली.

११ मार्च
चोवीस लागले. उरलेले दोन मोठे आडवे बसवावे लागले. झाकण दोन बोटं वर राहतं. हवा खेळती राहील.
सासरेबुवांचा फोन. घर फार गप्प वाटतं म्हणाले. म्हटलं, थोडा धीर धरा, असा आवाज तुम्ही जन्मात ऐकला नसेल. ते म्हणाले, पूर्वीचाच चालेल हो, जावईबापू.

१३ मार्च. ऑफिसातून अर्धी रजा
दु. ३.१० सुरू केला. फ्यूज गेला.
३.२५ दुसरा फ्यूज. तोही गेला. साठा मोठा असला की सुरुवातीला ओढ जास्त असते. शुभलक्षण.
३.४० दुकानदाराला फोन. म्हणाला, मध्ये एक साधा बल्ब जोडून पाहा, क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. जोडला. लख्ख पेटला आणि तसाच राहिला. म्हणजे वीज उत्तम पोचतेय. त्याला तसं कळवलं. तो ‘अहो, बंद करा’ म्हणत होता, पण रेंज नव्हती.
४.०५ बल्ब काढला. जाड फ्यूज घातला.
४.०६ फट्.

१४ मार्च
फुटलेल्या कपॅसिटरांमधल्या ओल्या कागदाच्या पट्ट्या छताला चिकटल्यात. वास जात नाही. हिने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पंख्याखाली उभी राहून एकच वाक्य बोलली, की तो बाबांचा होता. यावर तांत्रिक उत्तर नाही.

१५ मार्च
भिंग लावून बोर्ड तपासला. रेघांच्या बाजूला, रेघांतच हरवलेला, एक बारीक अधिकचं चिन्ह. ह्या कंपनीने रेघा प्लसला दिल्या आहेत. म्हणजे सव्वीसपैकी सव्वीस उलटे. एक मात्र मान्य करायला हवं, कामात सातत्य आहे. पंचवीस सुलट अन् एक उलटा, असला गबाळेपणा माझ्या हातून झाला नाही.
बाबांना सांगायला हिनं फोन उचलला. मी म्हटलं, थांब, मीच सांगतो. मग तिनेच सांगितलं.

१६ मार्च, रविवार
सासरेबुवा आले. सोबत तीच चादर, घडी घातलेली. वाकून आत पाहिलं. मी ऑडिओ ग्रेड, तापमान, आयुष्य सगळं समजावलं. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, रेडिओ कधी लागेल? मी वही चाळली. हा आकडा तक्त्यात नव्हता.
ही अ‍ॅम्प्लिफायर उचलून स्वतः दुकानदाराकडे गेली. मला पिशवीचा बंदसुद्धा धरू दिला नाही. त्याने तीन महिने सांगितले, तेही ट्रान्सफॉर्मर वाचला असेल तर. परत आल्यावर तिने माझा निकाल लावला. तीन महिने, रोज, रेडिओच्या वेळेला.

१७ मार्च. स. ७ ते ८
सासरेबुवांच्या घरी. पेपर मोठ्याने वाचला. पहिलं पान, मग आतली. हवामान सुरू केलं तर म्हणाले, ते नको, पुढे चला. डोळे मिटून आरामखुर्चीत बसतात. झोपले समजून मी थांबलो, तर लगेच उघडले.
पाणी प्यायला मागितलं. म्हणाले, प्या की, पण मग मधल्या वेळात कोण बोलणार?