हा कागद नाही!

३ फेब्रुवारी
पार्टीचा, म्हणजे माल मागवणाऱ्या गिऱ्हाइकाचा, कंटेनर मिहानजवळच्या कस्टम्सच्या डेपोत लागला. भिंतीला लावायचे चकचकीत तक्ते. कागदाचे थर रेझिनमध्ये बुडवून दाबलेले. कागदाची जाडी जास्त भरली तर माल कागदात जातो, रेझिनची भरली तर प्लास्टिकमध्ये, आणि प्लास्टिक झालं की शुल्क वाढलं. मी म्हटलं, मला हे प्लास्टिक वाटतं, आधी जाडी तपासून घेऊ. आमच्या क्लिअरिंग ऑफिसचे मालक शामभाऊ म्हणाले, "ताई, पार्टी जुनी आहे. कागद लिही. मी आहे न." लिहिलं. कस्टम्सच्या घोषणापत्रावर सही माझी, कारण कस्टम्सची परीक्षा पास झालेली ऑफिसात मी एकटी.

६ फेब्रुवारी
माल तपासणाऱ्या कस्टम्सच्या अधिकाऱ्याने, अप्रेझरने, तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकला आणि निवांत फायली चाळत बसला. बऱ्याच वेळाने काढून रुमालाने पुसला. कोरडा ठणठणीत. "मॅडम, ऐसा कागज हमारे स्कूल टाइम में होता तो बारिश में भी पेपर हो जाता." टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसले, लाचारासारखी. नमुना लॅबला गेला.

९ फेब्रुवारी, रविवार
वि.बरोबर नंदनवनच्या बाजारात भाजीला. चौकात पार्टीचं नवं होर्डिंग, दोन मजले उंच: "हा कागद नाही! ना भिजणार, ना वाळवी लागणार!" आणि आम्ही सरकारला लिहून दिलंय, कागद. मेथी हातातच राहिली. शा.भां.ना फोन लावला. "आत्ता उतरवायले लावतो," म्हणे. वि. नवरा असून पोट धरून हसला, मग माझं तोंड पाहून म्हणाला, "तू काहून घाबरून राहिली वं? सही तर त्यानंच करायले लावली न?" करायला लावली हे सहीवर दिसत नाही, हे ह्याला कोण समजावणार.

११ फेब्रुवारी
होर्डिंग उतरलं. फोटो अप्रेझरच्या मोबाइलमध्ये. तो त्याच रस्त्याने घरी जातो. "आपकी पार्टी खुद बोल रही है मॅडम, मैं कौन होता हूँ?"

१३ फेब्रुवारी
जबाबासाठी समन्स. माझ्या नावाने. पार्टीने आधीच हात झटकले: "हमको तो मॅडम ने बोला था." बोला था! त्या माणसाला मी आजवर दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा त्याने मला पाणी आणायला सांगितलं.

शा.भां.नी केबिनमध्ये बोलावलं. "जबाबात सांग, समजण्यात चूक झाली. तुझा कस्टम्सचा पास गेला तरी पगार बंद नाही करणार. माझं लायसन गेलं तर सगळ्यांची घरं बसतील." सगळ्यांत माझं घर धरलं की नाही, विचारायचं राहिलं. पास गेला की डेपोच्या गेटमधून आतसुद्धा सोडत नाहीत. त्या पासची परीक्षा तिसऱ्या खेपेला निघाली होती, चिनू पोटात होती तेव्हा. बाबांनी कोराडीच्या क्वार्टर्समध्ये घरोघर सांगितलं, आमची पोरगी कस्टममध्ये हाय. कस्टममध्ये नाही हो बाबा, कस्टमच्या दारात.

१७ फेब्रुवारी
दिला जबाब. माल प्लास्टिकचा असताना माझ्या चुकीने कागद लिहिला गेला, वगैरे. शा.भा. बाहेर बाकावर बसून होते. परतताना गाडीत म्हणाले, "आमचं घराणं जुनं आहे ताई, उपकार विसरत नाही."

वि. जेवला नाही. "त्यानं घेतला असता का तुझ्यावरचा आळ आपल्या आंगावर?" मी म्हटलं, जेव.

२५ फेब्रुवारी
लॅबचा रिपोर्ट. कागद! निम्म्याहून जास्त जाडी कागदाचीच. तो ग्लास, ते होर्डिंग, माझी अक्कल, सगळं फुकट. माल सुटणार. शा.भां.नी ऑफिसभर संत्रा बर्फी वाटली. "म्हटलं नव्हतं मी, कागद लिही?" मला एक तुकडा जास्त दिला. पासचं काय, विचारलं. "अरे हो… पाहू न ते." इतकी चीड आली. बर्फी खाल्ली नाही.

२७ फेब्रुवारी
कस्टम्सने माझा पास रोखला. माल बरोबर, पार्टी बरोबर, मालक बरोबर; चूक कबूल केलेली मी तेवढी शिल्लक. अप्रेझरला भेटले. तो आज नरमाईने बोलला, ते आणखीच लागलं. "जबाब वापस लेना है तो लिखिए, गलती कबूल करने को किसने कहा था." म्हणजे नाव द्यायचं.

शा.भां.चा फोन: "ताई, माल सुटला, आता काहून उकरून राहिली? पुढच्या वर्षी पाहू पासचं." वि. म्हणतो, लिही.

२८ फेब्रुवारी
जबाब मागे घेण्याचा अर्ज लिहायला बसले. चूक माझी नव्हती, एवढं लिहिलं. पुढे कोणाची ते लिहायचं, तर चूक कोणाचीच झाली नव्हती. खोटं मात्र झालं, आणि ते जबाबाच्या खोलीत मी एकटीने, माझ्या तोंडाने सांगितलं. शा.भां.चं नाव दिलं तर ह्या धंद्यात मला कोणी दारात उभं करणार नाही. नाही दिलं तर जन्मभर मीच चुकलेली. अप्रेझरने सोमवारी सकाळी अकराला बोलावलंय.