नानांनी कुठून सुरुवात करावी

दि. ३ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

नानांचा पाय अजून महिनाभर प्लास्टरमध्येच राहणार. माळ्यावरची जुनी जमीनमोजणीची साखळी उतरवायला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शिडीवर कोण चढतं, असं तुमचे बंधू त्यांना रोज एकदा तरी ऐकवतात. पण पडणारा पडून गेला, आता सगळा ताप मला. पेपर दोनदा वाचून झाला की घरात कोण किती वाजता कुठे बसलंय यावर लक्ष. मला आपल्या चष्म्याच्या दुकानातून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर कुठल्या रस्त्याने आलीस, विचारतात.

पण एक गंमत झाली. गेल्या आठवड्यात त्यांना वाचायचा नवा चष्मा करून दिला. नंबर बरोबर आहे ना ते बघायला, दुकानात कुणी गिऱ्हाईक विसरून गेलेलं एक पुस्तक हातात दिलं. एक नावाडीण, सात बेटं आणि पाण्याखाली झोपलेला ड्रॅगन. दोन ओळी वाचा म्हटलं, तर गृहस्थ मान वर करायला तयार नाहीत. नकाशाला स्केल नाही म्हणून आधी चिडले. मग दोऱ्याने बेटांमधली अंतरं मोजली आणि जेवताना मला पटवून दिलं की त्या बाईची होडी अंधाराच्या आत पोचणं शक्यच नाही. तरी तीन दिवसांत पुस्तकाचा फडशा. आता म्हणतात, आणखी आण.

मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुमचा सगळा जन्म लायब्ररीत गेला, तेव्हा नव्या माणसाने कुठून सुरुवात करावी ते तुम्हीच सांगा. एक मात्र आहे. हे तुम्हाला कळवू नकोस, असं नानांनी मला बजावलंय. का, ते काही बोलले नाहीत. पण माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

लोभ आहे तो कमी होऊ देऊ नये.
तुमची वहिनी


दि. ७ जून

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि माझा नुसता तिळपापड झाला. कपाटात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं. तीस वर्षं मी लोकांच्या हातात हीच पुस्तकं देते आहे. आमच्या पोस्टमनला, दंतवैद्यांना, भूत म्हटलं की नाक मुरडणाऱ्या निवृत्त हेडमास्तरांना, सगळ्यांना चेटकिणींची आणि ड्रॅगनची गोडी मी लावली. एका माणसाने तेवढी माझ्या लायब्ररीची पायरी चढली नाही. आणि तू चष्म्याचा नंबर तपासताना सहज गड सर करतेस. वर, मला सांगायचं नाही म्हणे. आडपडदा कशाला ठेवू? मला तुझा हेवा वाटतो, आणि चांगला सणसणीत वाटतो.

तू तेव्हा या घरात नव्हतीस. नाना मला वाळवी म्हणायचे, पुस्तकं खाते म्हणून. तेरा वर्षांची असताना मी धुक्याच्या राज्याची गोष्ट वाचत होते. तीन प्रवासी मुकी झालेली घंटा शोधायला निघतात ती. ऐन रंगात आली असताना परीक्षेचं निमित्त करून नानांनी पुस्तक हातातून ओढलं, ऑफिसच्या कपाटात घातलं आणि किल्ली खिशात टाकली. चार महिने. मी रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. राक्षसांच्या नादी लागून कुणाचं भलं झालंय, एवढंच म्हणाले.

तेच पुस्तक पाठवते आहे. लायब्ररीचं नाही, माझं स्वतःचं. सुरुवात यानेच करायची. पहिली पन्नास पानं जड जातील, नेट लावून वाचा म्हणावं. काही कळलं नाही तरी अडून बसू नये, पुढे उलगडतं. आणि मी पाठवलं हे खुशाल सांग.

तुझ्यावर माझा लोभ आहे. आज थोडा कमी आहे, सांभाळून घे.
वन्सं


दि. १९ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पुस्तक पोचलं. तुमचं आहे म्हटल्यावर नानांनी ते किती तरी वेळ नुसतं हातात धरलं होतं. पण वन्सं, हे काही जमत नाहीये.

पहिल्या पानापासून सगळे एका म्हाताऱ्यासाठी रडताहेत, आणि तो म्हातारा कोण हे नानांना कळत नाही. एकडोळ्या बाईवर सगळे कशासाठी चिडलेत, तेही नाही. त्यांनी वही केली, माणसांची नावं लिहून रेघा ओढल्या, पहिलं प्रकरण चार वेळा वाचलं. सोमवारी पुस्तक मिटलं आणि मला म्हणाले, "वाळवीला हे तेराव्या वर्षी कळलं. माझं डोकं कामातून गेलं बहुतेक."

तेव्हापासून रोज एकच चाळा. मोजणी खात्यात असताना पाठ असलेले जमिनींचे नंबर स्वतःशी म्हणून बघतात आणि एखादा अडला की तोंड भिंतीकडे करतात. काल मला म्हणाले, पायाचं राहू दे, स्मरणशक्ती तपासणारा डॉक्टर बघ. मला फार भीती वाटते.

तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून मीही लिहिते. मलाही तुमचा हेवा वाटतो. पाय उचलून उशीवर ठेवते मी, औषधं देते मी, चष्मा केला मी. आणि यांच्या तोंडी सारखं वाळवी आणि वाळवी. सुनेला कधी एखादं टोपणनाव ठेवावं, असं सुचलं नाही या माणसाला.

काय करू ते लवकर लिहा. माया असू द्या.
तुमची वहिनी


दि. २२ जून

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

नानांचं डोकं ठणठणीत आहे. डॉक्टर बघू नकोस. त्यांना मी पाठवला तो दुसरा भाग आहे. म्हातारा पहिल्या भागाच्या शेवटी मरतो, आणि तो भाग माझ्या कपाटात आहे.

चुकून झालं असं मी म्हणाले तर माझी जीभ झडेल. जुनं मुखपृष्ठ कधीच गेलंय, बांधणी साधी आहे. आतल्या पानावर 'भाग दुसरा' असं छापलेलं होतं. त्यावर मी लायब्ररीची चिठ्ठी चिकटवली, डिंक लावून, कडा नीट दाबून. तुम्ही दोघांनी हात टेकावेत, तुझं तुला जमू नये, आणि शेवटी नानांनी मला विचारावं, एवढंच माझ्या मनात होतं. ते स्वतःवरच संशय घेतील, हे मला सुचलंसुद्धा नाही. पन्नाशी उलटलेली बाई मी, लाज वाटते.

पहिला भाग सोबत आहे. हे पत्र त्यांना सगळं वाचून दाखव. जे बोलतील ते जसंच्या तसं कळव, मला बरं वाटावं म्हणून सौम्य करू नकोस. तुझीही मी अपराधी आहे.

लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.
वन्सं


दि. ९ जुलै

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

सूनबाईने तुझं पत्र वाचून दाखवलं. शेवटपर्यंत वाचू दिलं. पण मला ते दोन दिवस आधीच कळलं होतं. घरच्या पुस्तकावर लायब्ररीची चिठ्ठी कशाला, असं मनात आलं आणि पान खिडकीच्या उजेडाला धरलं. चाळीस वर्षं लोकांनी हलवलेले हद्दीचे दगड शोधण्यात गेली. माझ्याच मुलीने हलवलेला दगड दिसायला इतके दिवस लागले.

आधी हायसं वाटलं. मग तुझा भयंकर राग आला. ते दिवस फार वाईट गेले, हे तुला कळायला हवं म्हणून लिहितो. नंतर ती कपाटाची किल्ली आठवली. तुझे चार महिने कसे गेले, ते मी तेव्हा विचारलं नव्हतं, आजवरही नाही. तुला कळवू नकोस असं सूनबाईला म्हटलं ते याच लाजेने. जन्मभर जे हसण्यावारी नेलं, ते मीच चवीने वाचतोय, हे तुला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

पहिला भाग वाचला. म्हातारा गेला तिथे पुस्तक खाली ठेवून पाणी प्यायलो. दुसरा पुन्हा पहिल्या पानापासून धरला, तो उद्या संपेल. त्या नकाशात नदी चढावर वाहते आहे, त्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे.

सूनबाईने दुकानातल्या गिऱ्हाइकांना विचारून आणखी एक पुस्तक आणलंय. उशाशी ठेवलंय. ती रोज विचारते कुठवर आलं, मी बोट घालून दाखवतो. खरं तर एक ओळही वाचलेली नाही. यापुढे काय वाचायचं ते तू सांग, तू सांगशील त्याच क्रमाने वाचीन.

काल प्लास्टर काढलं. काठी घेऊन कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत जातो आणि हे पत्र मीच टाकतो. उत्तर माझ्या नावाने पाठव, पाकीट नीट बंद कर. सूनबाईला कळवू नकोस.

तुझे,
नाना