मायन्यात गेलेला पाऊण तास

सौभाग्यवतीस सप्रेम,

मायना आज आखूडच. कारण पुढे कळेल.

इथल्या भाषेच्या कोणत्या वर्गात बसवायचे, हे ठरवणारी परीक्षा काल झाली. ‘घरी पत्र लिहा’ एवढाच प्रश्न! अस्मादिकांनी यथासांग वंदन केले, समस्त थोरामोठ्यांचे क्षेमकुशल विचारले, तोच घंटा वाजली.

परीक्षक बाईंनी कागद उलटून पाहिला. “छान. पण पत्र कुठंय?”

“नमस्कार-चमत्कारातच जन्म जाणार तुमचा,” असे तू म्हणायचीस. सर्वज्ञ आहेस.

पहिल्या वर्गात स्थानापन्न झालो आहे. पुष्कळ विनवले, फेरपरीक्षा वर्षानेच. आणि इथल्या सरकारी नियमाने तिसरा वर्ग गाठल्यावाचून तुला या देशात आणता येत नाही.

गुडघा कसा आहे? भरून ठेवलेल्या बॅगेतला स्वेटर बाहेर काढ. यंदाची थंडी तुला तिथेच काढायची आहे.

तुझाच,
प्रथम वर्गातील प्रौढ विद्यार्थी