खारातलं बियाणं

प्रिय दादा,

तीन वर्षांपूर्वीचा भाताच्या उत्पन्नाचा तोच तक्ता आज संशोधन केंद्रात पुन्हा मांडला आणि उत्तर वेगळंच आलं. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

नवं बियाणं घेऊन मी सुट्टीवर आलो होतो, आठवतं? मूठभर दाणे तळहातावर घेऊन तू म्हणालास, "भात बरां आसा रे. पण आपली जमीन खाडीकडची. खारात ह्यां टिकात?"

मी हसलो! "दादा, चार जातींची तुलना केलीय. हीच सर्वांत सरस." तुझ्याशीसुद्धा पुस्तकी मराठीत बोललो.

"तू शिकलेलो. तू सांगतस तर सगळ्या शेतात पेरतंय." का ऐकलंस रे माझं?

तेव्हा मी एकमार्गी प्रचरण-विश्लेषण केलं होतं. म्हणजे फक्त बियाणं बघायचं: कुठल्या जातीचं सरासरी उत्पन्न जास्त आणि तो फरक खरा की योगायोगाचा. काही वाफे गोड्या जमिनीत होते, काही खारात, खाडीकाठच्या खारट जमिनीत. जमिनीमुळे पडलेला फरक मी सरळ 'त्रुटी'त, म्हणजे योगायोगाच्या खात्यात, ढकलला. आज द्विमार्गी केलं, बियाणं आणि जमीन एकत्र धरून. गोड्या जमिनीत नवं बियाणं पहिलं आलं. खारात सर्वांत शेवटी. तू नेमकं हेच विचारलं होतंस. आकडे तेव्हाही माझ्यासमोरच होते, दादा!

त्या वर्षी आपल्या शेतातल्या लोंब्या पोचट निघाल्या. घरात खायला भात नाही, म्हणून तू कौलं वाहणाऱ्या गलबतावर खलाशी झालास. मालवणच्या बंदरावर मी तुला पोचवायला आलो. एक शिवी तरी द्यायचीस! उलट म्हणालास, "जीवाक लावन घेव नको. पाऊस कमी पडलो, म्हणान खार चढलो."

गलबत परतलं नाही. देहही मिळाला नाही, म्हणून दर्भाचा पुतळा करून मी तुला अग्नी दिला. किती हलका होतास!

वहिनी अजून धुमसते. "भावोजी बियाणां घेवन इले, पण सगळ्या शेतात पेरूक ह्यांका कोणी सांगितलां? ह्यांचोच हट्ट!" मी मान खाली घालून ऐकतो. गावही तेच म्हणतं. मेल्यावरही तुझ्यावर बोल येतो, आणि मी गप्प.

शनिवारी येतोय. वहिनीच्या समोर बसून सांगेन, की तू विचारलं होतंस आणि मी हसलो होतो. ती मला पुन्हा घरात घेणार नाही कदाचित. तरी सांगेन.

तुझा धाकटा,
वसंत