तफावत शून्य

३ जून
आले एकदाची. तिसऱ्या प्रयत्नात का होईना, पण परीक्षा पास झाले आणि दारावर 'मॅनेजमेंट अकाउंटंट' अशी पाटी लागली. पाटी जरा तिरकी आहे, ती उद्या सरळ करीन. कारखाना काचेच्या बरण्यांचा. आवारातच राहायला दोन खोल्या मिळाल्यात आणि खिडकीतून भट्टीचं धुराडं दिसतं. आई अजून म्हणते, बँकेत चिकटली असतीस तर सुखी झाली असतीस. तिला सांगायला हवं की बँकेत झालेलं लिहितात, आम्ही व्हायचं असतं ते लिहितो. नव्या वर्षात ती माझ्याकडे राहायला येणार आहे.

प्रशासन विभागात आम्ही दोघंच, साहेब आणि मी. साहेब पेन्सिलीला टोक काढत हळू आवाजात बोलतात. त्यांनी अकरा वर्षांचे अहवाल काढून दाखवले: बजेट, प्रत्यक्ष, तफावत, कारण. तफावतीचा रकाना सगळीकडे शून्य आणि कारणाचा कोरा. इतकं चोख काम मी पुस्तकातसुद्धा पाहिलेलं नाही.

१९ जून
जुलै ते डिसेंबरचं बजेट हातावेगळं केलं. बत्तीस ओळी. फुटणाऱ्या बरण्या, बल्ब, शिड्या, आजारपणाच्या रजा, बाहेर जायचे गेटपास, बाहेरचे फोन. गाडी अडली ती एकतिसाव्या ओळीवर: अपघाती मृत्यू, भरपाईच्या तरतुदीसाठी. मागच्या पाच सहामाहींत तीन, म्हणजे सरासरी शून्य दशांश सहा. अर्धामुर्धा माणूस कसा लिहिणार? नियमाप्रमाणे पूर्णांक केला. एक.

तो कुठल्या विभागावर टाकायचा हाही प्रश्नच होता. भट्टीवर टाकला तर तिथले लोक तोंड फुगवतील. मग ज्याला कुणी वाली नाही तो खर्च जिथे जातो तिथेच टाकला, प्रशासनावर. साहेबांनी ती ओळ जरा जास्तच वेळ पाहिली आणि सही केली.

३१ जुलै
भांडारात एकटे काका असतात. मला लेकीसारखं वागवतात, माझा कप वेगळा विसळून ठेवतात. आज गेले तेव्हा ते बल्ब मोजत होते. महिन्यात आठ फुटायचे होते, फुटले होते पाच. काकांनी खोक्यातून तीन नवे काढले, एकेक करून फरशीवर सोडले, काचा झाडून घेतल्या आणि वहीत आठ लिहिले. मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. तूच लिहिलंस ना पोरी आठ, एवढंच म्हणाले.

३० सप्टेंबर
सुतार सकाळी धडधाकट शिडी कापत बसला होता. तिमाहीला एक शिडी मोडायची असते.

आजारपणाच्या रजा सात दिवसांनी कमी पडत होत्या. पॅकिंगमधल्या एका बाईंना टाकीच्या तळाचं पाणी प्यायला दिलं. त्यांनी आधी रजिस्टरवर सही केली, मग प्यायल्या. दुपारी मी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. चटका बसला. कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

पाटी अजून तिरकीच आहे.

२ डिसेंबर
सगळ्या ओळी भरत आल्या. एकतिसावी रिकामी.

साहेबांना म्हटलं, चूक माझी आहे, एकाचं शून्य करू द्या. ते म्हणाले, मंजूर बजेटातला आकडा बदलत नाही. विभाग तेवढा बदलता येतो. अठ्ठावीस तारखेला पाचच्या आत बदलांच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. मी विचारलं, तुम्हाला काहीच वाटत नाही का? वाटतं की, म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक काढत राहिले.

प्रशासनात आम्ही दोघंच. हे मी जूनमध्येच लिहिलंय, याच वहीत.

२८ डिसेंबर
चिठ्ठी चार वेळा फाडली. पाचवीवर लिहिलं — भांडार.

भट्टीवर बारा जण, बाराही मुलाबाळांचे. काकांना मागेपुढे कुणी नाही. हा हिशेब मी केला. शिकलेली बाई मी, मी केला. लाज वाटते.

पेटीपाशी पोचले तेव्हा पाच वाजून चार मिनिटं. कुलूप. चिठ्ठी तिथेच खाली पडली की कुठे —

२९ डिसेंबर
पेटी माझ्यासमोर उघडली. एकच चिठ्ठी. साहेबांची. स्वतःची बदली करून घेतली आहे. आजपासून ते पॅकिंगमध्ये.

प्रशासन: कर्मचारी एक.

३० डिसेंबर
फाटकावर गेले. पहारेकरी अदबीने उठून उभा राहिला. म्हणाला, बाई, सहामाहीचे गेटपास संपले. चारशे दहा. मीच लिहिले होते.

फोनही संपले. आई दोन तारखेला — तिला कोण सांगणार, येऊ नकोस म्हणून —

संध्याकाळी काका चहा घेऊन आले. माझी चिठ्ठी त्यांना सापडली होती. घडी घालून परत दिली. म्हणाले, हरकत नाही, मीसुद्धा तेच केलं असतं. कप विसळलेला होता. मी प्यायले नाही.

३१ डिसेंबर, दुपारी साडेचार
अहवाल पाचला द्यायचा आहे. एकतीस ओळी झाल्या. शून्य, शून्य, शून्य.

दारावरची पाटी कुणीतरी सरळ केली आहे.

बाहेर उभे आहेत. साहेब, सुतार, पॅकिंगच्या बाई, काका. कुणी आवाज चढवत नाही. दार वाजवतात, थांबतात, परत वाजवतात —

बिजागरीचा एक स्क्रू —

लिहिते. शाईने लिहिते, खोडता येऊ नये म्हणून. ओळ एकतीस. बजेट: एक. प्रत्यक्ष: शून्य. तफावत: एक. अकरा वर्षांतली पहिली. कारण: मी अजून —